अळी अन् अकरा मान्यवर

तुमी स्लाइड सुटसुटीत करा म्हणता, तर माह्यं ऐका. देऊळघाटच्या शेतकऱ्यांसाठी मी सोयाबीनच्या अळीची एकच स्लाइड केली होती. अळीचा मोठा फोटो अन् खाली फवारणी कधी करायची, बस. आमचे कृषी अधिकारी पाहूनच भडकले.

"काऊन बे, मान्यवर कुठी हायेत?"

मग सभापतीपासून स्वागतोत्सुकापर्यंत अकरा फोटो गोल कापून स्लाइडवर टाकले. अळीले कोपऱ्यात तेवढाच एक गोल उरला. फवारणीची ओळ तर मावलीच नाही.

सभेत पडदा उजळला, तशी मागून एक म्हातारी उठली.

"बापू, बारा तोंडं दिसून राह्यली. यातलं पीक खाणारं कोणतं?"

उत्तर मले येत होतं. पण सभापती साहेब बाजूलेच बसले होते, अन् पहिला गोल त्यायचाच होता.