दोघांची एकच स्क्रीन

डोळ्यांत थेंब घालून नेरूळच्या दवाखान्यात बसलेल्या सरस्वतीबाईंना शेजारी फोन स्पीकरवर ठेवून बहिणीशी बोलणाऱ्या पोराचा वैताग आला होता. चारचौघांत एवढ्या मोठ्यानं कोण बोलतं, आणि तेही गेमबद्दल.

"भाविका, आपला लहानपणीचा टीव्ही गेम मी नव्यानं बनवतोय. आता दोघांना वेगवेगळी स्क्रीन."

"कशाला?"

"तेव्हा मी पुढं पळालो की तू स्क्रीनच्या बाहेर राहून मरायचीस. मग रडायचीस."

"मग तू थांबायचास, दादा."

"आता थांबायची गरजच नाही."

"मग मी नाही खेळणार."

"अगं, तुझ्यासाठीच तर केलं."

"मला वेगळं कुठं हवं होतं?"

सरस्वतीबाईंनी मिटल्या डोळ्यांनीच तोंड पोराकडं वळवलं.

"बाला, तुज्यापेक्षा त्या जुन्या खेलाला अक्कल जास्ती होती. तो तुला बहिनीसाटी थांबवायचा."