अंबूबाईनं फावडं उगारलं

हॅलो?… हॅलो, कोण?… पिंकीवन्सं व्हय! बोला ना… काय? अंबूबाईनं सायबावर फावडं उगारलं? कुणी सांगितलं?… न्हाई ओ! आत्याबाईंनी वीजवाल्या सायबावर फावडं न्हाई उगारलं… म्हंजे उगारलं, पर बांधावर… आपल्याच बांधावर!

ऐका तर खरं, वन्सं… तुमची आई ठणठणीत हाय. भाताच्या खाचरात उभी हाय, मला हितनं दिसतीया.

काल दुपारी ओ… तीन दिस धो धो चाललाय ना कार्ल्यात. आपल्या खाचराशेजारचं सबस्टेशन… व्हय, तेच, ओढ्याकाठचं. रस्त्याखालची मोरी तुंबली. बाटल्या, वेफरच्या पिशव्या… फिरायला येत्यात ना, त्यांचंच समदं. पाणी माघारी फिरलं ते थेट सबस्टेशनच्या आवारात!… कुटवर? पॅनेलच्या खोलीची एकच पायरी उरलेली! लाईट बंद करून ठेवलेली, पर पाणी आत शिरलं असतं तर आठ दिस अंधार. दवाखाना बंद, नळाची मोटर बंद…

आकाश सायेब, तो नवा इंजिनियर… त्यो वाळूची पोती रचतोय, पंप लावलाय. इकडनं उपसतोय, तिकडनं येतंय. आत्याबाई छत्री घेऊन बघत उभ्या… तुमाला ठावं हाय त्यांचं! मंग म्हणल्या, "सायेब, आमचा बांध फोडला तर पाणी खाचरातनं सरळ नदीला जातंय."

व्हय, आठ दिसांमागंच लावणी झालेली! म्या पण तेच म्हणलं, "आत्याबाई, समदं रोप जाईल, मंग खायचं काय?" तर मला गप केलं.

सायेब म्हणतोय, "मावशी, वरिष्ठांना विचारतो, तुमचा लेखी अर्ज लागेल." आत्याबाई म्हणल्या, "लिवते की. तंवर पाण्याला थांबाया सांगा."… हसू नका, ऐका ना! त्यांनी फावडं उगारलं… नि तसंच वर धरून इचारलं, "लावणी परत कोण करणार?" पाणी चढतंय, फावडं काय खाली येईना! सायेब भर पावसात घामाघूम. "आम्ही करू, मावशी!" तर म्हणल्या, "आमी म्हंजे कोण? नावं सांगा." दोन वायरमनची बी नावं घेतली, मंग हाणलं!

उतरलं ना, तासाभरात उतरलं. चारी पायऱ्या मोकळ्या. सांजच्याला लाईट आली.

आत्याबाई?… रोपं वाहत गेली तवा… पदरानं तोंड पुसलं नुसतं. पावसाचं पाणी, म्हणल्या… व्हय… व्हय ना.

आज? आज सकाळीच आला की सायेब! मला वाटलं, इसरला असंल. सोपानमामांकडनं उरलेलं रोप आणलं जीपमधनं. जेसीबीनं मोरी साफ केली, बांध घातला, सबस्टेशनची भिंत बी उंच करू म्हणतोय. नि आता पँट वर सारून चिखलात!… स्वतः ओ, स्वतः! लावतोय कसला, खुपसतोय! आत्याबाई उपटत्यात नि परत त्याच्याच हातात देत्यात. "सायेब, खांब न्हाई रोवायचा, रोप हाय त्ये." वायरमन तोंड फिरवून हसत्यात… फोटो? धाडते ना, धाडते.

थांबा… थांबा जरा, वन्सं. आत्याबाई कुटं निघाल्या?… अवो, हे खाचर झालं लावून, आता त्यांला वरच्या खाचरात नेत्यात!… व्हय, वरचंच! बाया मिळंनात म्हणून लावायचं राहिलेलं… तितं कुटला पूर? थेंब शिरला न्हवता ओ!

मी? मी कशाला सांगू सायबाला?… बघा, हितनंच हात केला मला, गप ऱ्हा म्हणून… न्हाई, न्हाई सांगत!… ठेवते आता, चहा न्यायचाय तिकडं. सायबाच्या चहात आज साखर जरा जास्तच घालते… व्हय, ठेवते!