सावनीचा नवा आवाज

अंबूताई : ...आणि शाल मी स्वतः सुभाष रोडवर जाऊन घेतली. मंडळवाले म्हणाले, आम्ही आणतो की ताई. म्हटलं, बेडप्पा, नको, आजच्या सत्काराला साकेतच्या खांद्यावर घालायची शाल माझ्याच पसंतीची पाहिजे. नाचगाण्यात वाया चाललेल्या माझ्या पोरीला त्यानं गाण्यात आणलं. नवरा असावा तर असा.

सावनी : ताई, ती शाल त्याला घालू नका.

अंबूताई : का गं? उघडून तरी बघ, मोरपंखी आहे.

सावनी : रंगाचं नाही. शाल घालू नका आणि माझ्या आवाजाबद्दल स्टेजवर काही बोलू नका. पाया पडते तुमच्या.

अंबूताई : बोलू नको कसं? मला त्यासाठीच तर बोलावलंय. तुझ्या त्या चुरमुऱ्यांच्या गाण्यावर, 'गिरमिट गं गिरमिट'वर सगळी हुबळी नाचली, गणपतीपुढं, वरातीत, शाळेच्या गॅदरिंगला. मी तेव्हा खिडक्या लावून बसायची. माझ्यापुढं पेटीवर बोट धरून शिकलेली पोर अशी कोकलायली, म्हणून लाज वाटायची. आणि मग यंदा तुझं हे गाणं, 'ओलं सरपण' आलं. काळी चारला किंचाळणारी पोर एकदम काळी दोनला, बाप्यांच्या पट्टीत! आणि काय वजन सुराला! मी ऐकलं आणि देवापुढं साखर ठेवली.

सावनी : एका दसऱ्यात आवाज इतका खाली येतो का हो ताई?

अंबूताई : मन पिकलं की येतो. आमच्या धारवाडात बायकांचे आवाज असेच जड होत आलेत. हुबळीवाल्यांना काय कळतंय त्यातलं?

सावनी : इथं मेकअपच्या खोलीतही ही कॉलर वर करून का बसलेय, विचारलं नाहीत.

अंबूताई : फॅशन असेल, मला काय कळतंय.

सावनी : बटण काढते. दिव्याखाली बघा.

अंबूताई : ...अय्यो. हे काय उठलंय? काही चावलं का गं? काळंनिळं पडलंय की सगळं.

सावनी : बोटं आहेत ताई. हा अंगठा. पलीकडं बाकीची.

अंबूताई : कुणाची?

सावनी : तुम्ही ज्याला शाल आणलीय त्याची. हे परवाचं आहे. आवाज गेला तो मार दसऱ्यातला.

अंबूताई : काय बोलायलीस तू? साकेत? पाया पडल्याशिवाय माझ्या घरातून जात नाही तो पोरगा.

सावनी : पाया छान पडतो. कोप्पीकर रोडला स्टुडिओ आहे ना आमचा, तिथं झालं. मी म्हटलं, आता गिरमिट बास. मला ताईंकडं परत शिकायचंय, संथ गायचंय, माझं स्वतःचं काहीतरी. तो हसला. म्हणाला, लोक तुझ्या तोंडून गिरमिट ऐकायला येतात. मी म्हटलं, मग त्यांना दुसरी शोध. तर उठला. मला वाटलं, दार उघडायला उठलाय.

अंबूताई : मग?

सावनी : मग भिंतीला लावून धरलं. "बघतो कशी गातेस." एवढंच म्हणत होता, पुन्हा पुन्हा. पाय जमिनीवरून सुटले होते माझे. आत काहीतरी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. स्वतःचा गळा मोडलेला स्वतःच्या कानानं ऐकला मी.

अंबूताई : डॉक्टर?

सावनी : आठवडाभरानं नेलं. शिडीवरून पडली म्हणून सांगितलं. गळ्यातली एका बाजूची तार हलत नाही म्हणाले, हलणारही नाही. म्हणून आवाज खाली आलाय. मन पिकून नाही आला, ताई.

अंबूताई : आणि ते गाणं? सुरुवातीचा तो श्वास? मी पोरींना तो पुन्हा पुन्हा ऐकवलाय. म्हटलं, असा श्वास शिकवून येत नाही, आयुष्य काढावं लागतं.

सावनी : तो गायलेला नाही. त्यानं हात सोडल्यावर मी खाली पडले आणि पहिला श्वास घेतला, तो आहे. माईक चालूच राहिला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं ते ऐकलं आणि तिथंच बसून चाल लावली.

अंबूताई : शिव शिव शिव.

सावनी : लोक रडतात त्यावर. रील करतात. मीही ऐकते तर चाल चांगली आहे, हेच तर वाईट आहे. मला असंच गाणं हवं होतं ताई. पण मी माझ्या पायानं जाणार होते तिथं. त्यानं गळ्याला धरून नेलं.

अंबूताई : मला का नाही सांगितलंस? दिवाळीनंतर महिनाभर रोज पहाटे येत होतीस की माझ्याकडं.

सावनी : सांगायलाच आले होते. तोंड उघडलं, आणि माझा घोगरा आवाज ऐकून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणालात, आता खरा आवाज लागला तुझा, औषध घेऊ नको, खर्ज लाव. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला चांगलं म्हणत होता. मी लावला खर्ज.

अंबूताई : खोकताना रुमाल लाल झाला होता तुझा. मी म्हटलं, उष्णता आहे, सब्जा खा. देवा, मोडक्या गळ्यावर खर्ज लावून घेतला मी!

सावनी : मी रडले नाही तेव्हा. आता तुम्ही रडू नका. एवढंच करा, स्टेजवर त्याला मोठं करू नका. आज तुम्ही शाल घातलीत की झालं. मग उद्या मी कुणाला काही सांगितलं तर लोक म्हणतील, हिच्या गुरूनं भरसभेत पाठ थोपटलीय त्याची. मला त्याच्या घरातून निघायचंय ताई. आज नाही निघाले तर तो मला एक दिवस मारून टाकेल.

साकेत : काय चाललंय? हॉल भरलाय, मंडळाचे सुधींद्र सर दारात येऊन गेले. सावू, कॉलर लाव.

अंबूताई : साकेत, हिच्या गळ्याला काय झालंय?

साकेत : चेन अडकली हो झोपेत. सांगितलं नाही तिनं? सांग ना सावू, चेन अडकली ना?

सावनी : सांगितलं मी त्यांना. श्वासाचंही सांगितलं.

साकेत : ...बरं. ताई, तुम्ही पहिल्या रांगेत बसा, मी चहा पाठवतो. नवराबायकोचं आहे, मी बघतो.

अंबूताई : मी इथंच बसणार. तू आत येऊन दाराला घातलीस ती कडी आधी काढ.

साकेत : कडी राहू दे. ऐका. माझा हात उठला, मान्य. चुकलं. पण त्यातून काय आलं बघा की! गिरमिट गाऊन ही कुठं पोचली असती? दोन वर्षांत नवी पोर आली असती, हिला कुत्र्यानंही विचारलं नसतं. आज मोठमोठे गवई फोन करतात. म्हणतात, काय दर्द आहे! तो दर्द कुणी दिला?

सावनी : ऐकलंत ताई?

साकेत : तू गप. तो आवाज माझा आहे. तुझ्या गळ्यात मी ठेवलाय तो.

अंबूताई : तिचे केस सोड. सोड म्हणते ना, नालायका!

साकेत : तुम्ही मला शिकवू नका. मी एकदा दाबला तिचा गळा. तुम्ही महिनाभर दाबलात, रोज पहाटे, तंबोरा लावून. रक्त पडलं तेव्हा समोर कोण बसलं होतं? तुमच्या कौतुकाचा व्हिडिओ आहे माझ्याकडं, सगळ्या गावानं बघितलाय. आता उलटं बोलायला जाल तर थू करतील तुमच्यावर.

अंबूताई : करू देत. मी आधी माझंच सांगणार आहे. या अंबूताईला धारवाडचा कान होता आणि तिला पोरीचं मरण ऐकू आलं नाही, हे सांगते. मग तुझं सांगते. बाजूला हो.

साकेत : बसा खाली.

अंबूताई : बास! हात लावू नको मला. मी दार उघड— आई गं! मनगट... मनगट मोडलं माझं!

सावनी : ताई!

साकेत : बस म्हटलं तर बसायचं. म्हातारं हाड, जरा पिरगळलं की...

(कोपऱ्यात ठेवलेला माईकचा लोखंडी स्टँड सावनीच्या हाती कधी आला ते तिलाही कळलं नाही. पहिला फटका गुडघ्यावर बसला, दुसरा कानामागं. साकेत तंबोऱ्यावर कोसळला, भोपळा त्याच्या अंगाखाली फुटला. मग ती त्याच्या छातीवर बसली आणि इतके महिने जे हात तिच्या स्वप्नात येत होते, तेच जणू स्वतःच्या मनगटांना लावून तिनं त्याचा गळा आवळला.)

सावनी : बघते कसा बोलतोस. बघते कसा बोलतोस. बघते—

अंबूताई : सावनी! सोड त्याला!

सावनी : डोळे बघा त्याचे. माझेही असेच झाले असतील. ह्याला दिसत होते की हो ताई, इतक्या जवळून दिसतात! दिसत असून धरून ठेवलं यानं!

अंबूताई : सोड, पोरी. मरेल तो.

सावनी : मरू दे.

अंबूताई : मरू दे, मला काय त्याचं! पण तुला आत टाकतील. तुला निघायचंय ना त्याच्या घरातून? मग त्याच्यापायी दुसऱ्या कोठडीत जाऊ नको. माझा एक हात गेलाय, मला ओढता येईना तुला. तूच सोड. माझं ऐकून तू वाटोळं करून घेतलंस एकदा. आता एकदा ऐक. सावनी!

सावनी : ...सोडला.

अंबूताई : अजून एक बोट आहे. तेही काढ. हां. इकडं ये. ये माझ्याजवळ. बस.

सावनी : किती सोपं आहे ताई हे. काहीच ताकद लागत नाही. मला वाटायचं, त्याला फार राग आला असेल, म्हणून जमलं असेल.

अंबूताई : दार वाजवतायत. सुधींद्र आहे वाटतं. सुधींद्रा, थांब रे! उघडते! काय सांगू त्याला? कार्यक्रम नाही म्हणून सांगू?

सावनी : कार्यक्रम नाही. पण लोकांना उठवू नका म्हणावं. मी येतेय. आणि आधी पोलिसांना बोलवा, मग डॉक्टरांना. तुमच्या हातासाठी आणि याच्यासाठी. मी याला मारलंय तेही मीच सांगते, लपवत नाही.

अंबूताई : अशीच जाणार? कॉलर तरी...

सावनी : अशीच. मागच्या रांगेला दिसलं पाहिजे. दिसलं नाही त्यांना, तर मी सांगते कुठं अंगठा आणि कुठं बोटं.

अंबूताई : थांब, मीही येते. हात ओढणीत बांध माझा. ती शाल नको, तुझी ओढणी घे.

साकेत : ...पा... पा...

अंबूताई : बघ, आवाज फुटेना त्याला. काय म्हणायलाय?

सावनी : पाणी मागतोय. सुधींद्र सरांना सांगा द्यायला. कोमट द्या म्हणावं ताई, चमच्यानं. गार पाणी अशा गळ्याला फार लागतं.