घराघरात फुल रेंज

(वस्तीतलं चतुराबाईचं घर. दुपारचे साडेचार.)

नत्थुजी : जयभीम, चतुराबाई, जयभीम! आता नाई नका म्हणू. पाच वाजता पोर्टल बंद होते.

चतुराबाई : सरपंचाच्या तोंडून जयभीम? पह्यले पाणी घ्या.

नत्थुजी : पाण्याचं राहू द्या. चार दिवस तुमी मूर्तिजापूरले लेकीकडे जाऊन बसल्या. माहा जीव टांगणीले!

चतुराबाई : मुद्दामच गेली होती. कागदात काय लिवलं, वाचा.

नत्थुजी : 'शासकीय निधीतून उभारलेल्या टॉवरमुळे बौद्ध वस्तीत घराघरात फुल रेंज मिळते.' बस, एवढंच. वस्तीच्या मेंबर म्हणून तुमची मंजुरी लागते. मोबाइलवर ओटीपी येईन, तो सांगा.

चतुराबाई : टॉवर आमच्या वस्तीच्या नावानं आला. समाजमंदिरामागची जागा साहेब मोजून गेला. अन् उभा झाला तुमच्या संत्र्याच्या बागेत.

नत्थुजी : तथी लाइट जवळ होती, बाई.

चतुराबाई : अन् भाडं घरात.

नत्थुजी : झालं गेलं सोडा न यार आता!

चतुराबाई : मंजुरी नाई देली त?

नत्थुजी : टॉवर उचलून समाजमंदिरामागं नेतीन. माह्यावर चौकशी, सरपंचकी खतम. हेच पाह्यजे का तुमाले?

चतुराबाई : मी कुठं नाई म्हणून राहिली? देतो न ओटीपी. पाठवा.

नत्थुजी : ग्रामपंचायतीच्या ऑपरेटरनं, किशोरनं, ऑफिसातून कवाच पाठोला. पाहा न मोबाइल.

चतुराबाई : हा धरला तुमच्या डोयासमोर. आलं काही?

नत्थुजी : इथं... इथं येत नाई तो. चाला, गाडीवर बसा. शाळेच्या टेकाडावर जाऊ, दोन मिनिटाचं काम.

चतुराबाई : टेकाडावर काहून? घराघरात फुल रेंज हाये न.

नत्थुजी : मजाक नका करू. टाइम जाऊन राहिला.

चतुराबाई : माह्या सुनेचाही गेला होता. दीपमालाचं रगत थांबे ना. माहा ललित इथून दवाखान्याच्या गाडीले फोन लावून लावून थकला. मंग पळाला त्याच टेकाडावर. तथी लागला फोन. खाली येईलोक ती गेली, पोटातल्या लेकरासकट.

नत्थुजी : मले बी वाईट वाटलं होतं, बाई. देवाची मर्जी.

चतुराबाई : टॉवर देवानं नाई हालवला, नत्थुजी. तीन वर्षं झाले. एक दिवस तुमी माह्या दारात यान, हात जोडान, याचीच वाट पाहून राहिली होती मी.

नत्थुजी : घ्या, जोडले हात. मोबाइल तरी द्या, मी एकटा जाऊन येतो.

चतुराबाई : हात लावून पाहा. वस्तीतल्या साऱ्या बाया बाहेरच बसल्या हायेत.

नत्थुजी : पंधरा मिनिटं राह्यले! माहं घर उठून जाईन, चतुराबाई.

चतुराबाई : मोबाइल घरातच हाये. तुमचा टॉवर खरा असन त येईन ओटीपी. बसा.

नत्थुजी : पाया पडतो तुमच्या...

चतुराबाई : खाली नाई. ह्या खाटेवर बसा. दीपमालाही इथंच वाट पाहत होती.