ओळखीचा माणूस

इंग्लंडमधल्या ओल्डमच्या पोस्टातल्या रांगेत दोन म्हाताऱ्या होत्या. ग्लेनिसच्या हातात एजंटला पाठवायचं जाड पाकीट होतं, मॉरीन तिला अडवत होती.

"अगं, बँकेने कर्जाबरोबर गळ्यात मारलेल्या विम्याचे पैसे आपले आपण परत मागता येतात. फॉर्म फुकट असतो. मला मिळाले की!"

"मला नाही बाई जमत. एजंट बघतो सगळं."

"आणि तिसरा हिस्सा खातो!"

"खाऊ दे. उरलेल्यात बॉयलर बसेल. दोन हिवाळे कुडकुडत काढलेत मी."

"अर्धाच बसेल. फॉर्म कोणी भरला?"

"मीच. त्याने सही कुठे करायची ते दाखवलं."

"एवढ्याचेच पैसे?"

"हुशार आहे गं. माझ्या पॉलिसीची तारीखसुद्धा त्याला तोंडपाठ."

"त्याला कशी?"

"त्यानेच तर विकली होती! डॅरेन, तेव्हा बँकेत होता. विम्याशिवाय कर्ज मिळत नाही म्हणाला होता."

"आणि आता पुन्हा त्याच्याकडेच?"

"मग? ओळखीचा माणूस सोडून परक्याकडे जाऊ?"

तेवढ्यात खिडकी मोकळी झाली. ग्लेनिसने पाकीट आत सरकवलं.

"रजिस्टर करा हं. हल्ली कुणाचा भरवसा नाही."