आई कुणी पाहिलीय?

मॅच सुरू व्हायला अवकाश होता. एमरीची आई लोरेटा उकडलेल्या शेंगांच्या रांगेत उभी होती. पुढे एक लाल आणि एक निळ्या टोपीतला असे दोघे, शाळाशाळांतून आपापल्या विद्यापीठासाठी अमेरिकन फुटबॉलची धिप्पाड पोरं हेरणारे. तिला त्यांच्या पाठीच तेवढ्या दिसत होत्या.

"तूही त्या सत्तर नंबरच्या एमरीसाठीच आलायस ना?" निळ्यानं विचारलं.

"मी शेंगा खायला आलोय."

"दोनशे मैलांवरून?"

"इथल्या चांगल्या असतात. पोरगं दणकट आहे रे, पण सहा फूट एक इंच. आमच्या पुढच्या फळीत सहा-चारच्या खाली कुणी नाही."

"सोळाचा तर आहे, वाढेल की. बूट पंधरा नंबरचा लागतो त्याला."

"तेवढा माझ्या मेहुण्यालाही लागतो. त्याची आई पाहिलीस?"

"सोयरीक जमवतोयस काय?"

"हसू नकोस. पोराची वाढ आईवरून कळते. ती उंच निघाली, तर आजच शिष्यवृत्ती कबूल करून जातो."

"आणि बुटकी निघाली तर?"

"मग तू ने. तुमच्याकडे काय, कुणीही खपतं."

निळा हसत मागं वळला, मग तिच्याकडं बघायला त्याला मान खाली करावी लागली. "बाई, तुमचं कोण आहे खेळणाऱ्यांत?"

लोरेटानं हातातला कोट छातीवरच्या सत्तर नंबरच्या बिल्ल्यावर धरला.

"माझा शाळेच्या बँडमध्ये आहे. ढोल वाजवतो."

"जड असतो हो ढोल. खायला घालत जा त्याला."

"घालते," लोरेटा म्हणाली.