नसलेल्या शेळीचं कुंपण

आई : हे शेवाळ आहे की गोंद! घासून घासून माझी बोटं झिजली, पण फळी आपली हिरवी ती हिरवीच.

लेक : तू कोरडीच घासतेयस, आई. साबणाचं पाणी जरा मुरू दे की.

आई : मुरू दे. या घरात सगळं मुरतंच आहे.

बाबा : ब्रश उभा धर. लाकडाच्या रेषांबरोबर. आडवा घासलास की तूस उचकटतं, मग वर कितीही रंग लाव, पोपडेच धरणार.

आई : ऐकलंस? हे बरोबर लक्षात असतं. सकाळचा चहा झाला की नाही, ते मात्र –

लेक : आई.

बाबा : झाला का माझा चहा?

आई : दोनदा.

बाबा : मग तिसरा कधी?

आई : ही बाजू संपल्यावर. आणि बिजागऱ्यांना तेल द्यायचंय, खरवडलेल्या जागी पॉलिश पेपर मारायचाय, मग रंग. आज एक हात तरी झाला पाहिजे. ही काय रोज येते मदतीला?

बाबा : गुलाबाच्या कोपऱ्यातलं मी करतो. तिकडे तुम्ही येऊ नका. काटे आहेत.

लेक : मी हातमोजे घातलेत, बाबा.

बाबा : तरी नको. तो कोपरा माझा. बादलीतलं पाणी बघ, चिखल झालाय नुसता. आण इकडे, बदलून आणतो.

(बाबा बादली घेऊन घरामागच्या नळाकडे जातात. मायलेकी आवाज खाली आणतात.)

लेक : तुझी बाजू बघून झाली?

आई : झाली. एकेक फळी हलवून बघितली. तसूभरही हलत नाही एकही. तुझी?

लेक : घट्ट आहेत सगळ्या. फाटक उघडं राहिलं असेल, आई. तूच विसरली असशील.

आई : मी? वरून हात घालून मी रोज कुलूप लावते. किल्ली उशीखाली. या घरात आठवणीने वागणारी एकच बाई उरलीय, तिच्यावर तरी आळ घेऊ नकोस. तुझे बाबा पहिल्यांदा गेले, ते या आडव्या पट्ट्यांवर पाय देऊन गेले, म्हणून सुताराकडून सगळ्या पट्ट्या काढून बाहेरून मारून घेतल्या. कडीही बाहेरून बसवली. तरी गेल्या आठवड्यात पहाटे दूधवाला घेऊन आला. अंगात नुसता बनियन. एका पायात त्यांची चप्पल, एका पायात माझी. दूधवाला म्हणतो, काका व्यायामाला निघाले होते वाटतं. चांगला माणूस. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही त्याने.

लेक : आणि बाबांना काय सांगितलंयस? कुंपणाची एवढी डागडुजी कशासाठी?

आई : शेळी शिरते म्हणून.

लेक : कुणाची शेळी?

आई : मागच्या गल्लीत कुणाची तरी.

लेक : मागच्या गल्लीत सगळी दुकानं आहेत.

आई : मग दुकानदाराची. मला काय माहीत कुणाची? सुतार समोर उभा, हे विचारतायत काय चाललंय, तोंडात आली ती शेळी. हत्ती नाही आला हे नशीब.

लेक : खरं सांगून टाक ना त्यांना. समजूतदार आहेत ते.

आई : तू सांग. तू उद्या गाडीत बसशील, मग रोज फोन. आई असं कर, आई तसं कर. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय!

लेक : शेळीचं नाव काढू नकोस आता.

आई : हसू नकोस गं. मला झोप नाही. पान सळसळलं तरी उठून बसते. त्यांच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरून पडते रात्रभर, सकाळी मूठ उघडत नाही माझी. दुसऱ्या हाताने एकेक बोट सोडवावं लागतं.

लेक : हे नाही कधी सांगितलंस.

आई : काय सांगू? चाळीस वर्षं संसार केला आणि आता नवऱ्याला राखण –

बाबा : कुणाची राखण?

आई : झाडांची. पाणी आणलंत? अर्धीच बादली?

बाबा : अर्धी वाटेत सांडली. वाटेलाही तहान असते. अगं, ही शेळी मला अजून दिसली नाही. काळी आहे की पांढरी?

लेक : काळी.

आई : पांढरी.

बाबा : म्हणजे दोन आहेत.

आई : एकच आहे. काळी-पांढरी.

बाबा : आणि खाते काय?

आई : शेळी काय खाणार? गुलाब खाते.

बाबा : गुलाब तर चांगला बहरलाय.

लेक : ती… खालची पानं खाते, बाबा.

बाबा : शहाणी आहे. फुलं आपल्याला ठेवते.

आई : घासा आता. हात चालवा जरा. तोंडाने कुंपण साफ होत नाही.

बाबा : घासतोच आहे. इथल्या आडव्या पट्ट्या कुठे गेल्या पण? मी स्वतः मारल्या होत्या. आतून.

लेक : सुताराने बाहेरून मारल्या. आतून सपाट, छान दिसतं ना?

बाबा : छान दिसतं. पण उलटं केलंन त्याने. बाहेर पट्ट्या म्हणजे येणाऱ्याला शिडी झाली. शेळी पुढचे दोन पाय ठेवणार आणि टुणकन आत. ज्याला अडवायचं, त्याच्या बाजूला सपाट फळी द्यायची असते. पाय ठेवायला जागाच द्यायची नाही.

लेक : चुकलं असेल त्याचं.

बाबा : सपाट बाजू तर आपल्याकडे आहे.

लेक : चुकलंच, बाबा. घाईत होता.

बाबा : आणि कडी? तीही बाहेर लावून गेला?

लेक : हो ना. त्याचं लक्षच नव्हतं.

बाबा : फारच विसराळू दिसतो माणूस. डॉक्टरला दाखवा म्हणावं.

लेक : बाबा –

बाबा : नाही, म्हणजे वेळीच दाखवलेलं बरं.

लेक : आपण आता चहा घेऊ या का? आई, चहा ठेव ना. मी तोवर –

आई : पुरे. पुरे झालं गं. ठेव तो ब्रश.

लेक : आई, नको.

आई : शेळी नाहीये. काळी नाही, पांढरी नाही. कधी नव्हतीच. हे कुंपण तुमच्यासाठी आहे. तुम्ही उठून जाता आणि तुम्हाला परत येता येत नाही. मी थकले हो. दिवसभर तुमच्या मागे आणि रात्रभर त्या फाटकाकडे कान लावून. मला झोपायचंय. एक रात्र, सलग.

(बाबा हातातला ब्रश बादलीत ठेवतात.)

आई : रागवा. बोला काहीतरी.

बाबा : मी कुठे जातो?

आई : मला काय विचारता? तुम्ही सांगा.

बाबा : निघताना माहीत असतं. अगदी नीट. वळणापर्यंत जपून नेतो, भरलेली वाटी न्यावी तसं. मग कुणीतरी म्हणतं, काय काका, इकडे कुठे? की सांडलं सगळं.

लेक : मग आईला हाक का नाही मारत तुम्ही? ती येईल की बरोबर.

बाबा : झोपलेली असते ती.

आई : मी? मला डोळ्याला डोळा नाही, आणि म्हणे झोपलेली!

बाबा : पहाटे लागते तुला. थोडीशी. तोंड जरा उघडं असतं. सदरा धरलेला असतोस तू माझा. ओढून घेतला तर जागी होशील, म्हणून मी त्याच्यातून बाहेर येतो. सदरा राहू देतो तुझ्या हातात.

(आई ब्रश उचलून पुन्हा फळी घासू लागते.)

लेक : आई, बस इथे जरा. पायरीवर बस.

आई : बसायला वेळ कुणाला आहे? एवढी बाजू राहिलीय. त्यांचा कोपरा तर तसाच पडलाय.

बाबा : तो घासू नका आधी. पोरी, हातोडी आण आतून. आणि खिळे. लांबातले आण, छोटे नकोत.

लेक : आता खिळे कशाला, बाबा?

बाबा : गुलाबामागची फळी. खालचे खिळे मी उपटून ठेवलेत. तिथून जातो मी. जा, आण लवकर. आठवतंय तोवर ठोकून घेऊ.